हातातला बिनतारी संच आणि आकाशातला उपग्रह

कामगारांच्या सभांतून तीस वर्षे बोलत आलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उपग्रहांवर बोलावे, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीपलीकडे गेले नाही. पुढे जे शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून, रात्रपाळीत आणि बहुतांशी चुका करून. तेव्हा विद्वत्तेचा दावा मुळीच नाही. परंतु ज्या यंत्राविषयी बोलावयाचे ते आमच्या लोकांच्या कमरेला रोज लटकलेले असते, आणि तेवढ्या अधिकारावर हे धाडस केले. व्याख्यानात जे बोललो तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

न्हावा-शेव्याच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात गेलात तर वॉकी-टॉकी दिसणार नाही असे होत नाही. वर केबिनमध्ये क्रेनवाला, खाली सिग्नलमन, पलीकडे फाटकावर पहारेकरी, आणि सर्वांच्या हाती ते काळे यंत्र. त्याचा परवाना मालकाचा, लहरी मालकाच्या, आणि पाळी सुटली की संच खिडकीवर जमा करावयाचा. त्याच जातीचा संच रीतसर परवाना घेऊन माणसाने स्वतःच्या हाती घेतला, तर उलव्यातल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून तो केरळशी, श्रीलंकेशी, बांगलादेशाशी बोलू शकतो. मध्ये मोबाइलचा मनोरा नाही, तार नाही, कंपनी नाही आणि महिनाअखेरीचे बिलही नाही. मध्ये असतो तो एक लहानसा उपग्रह, हौशी बिनतारीवाल्यांच्या उपयोगासाठी सोडलेला.

येथे पहिलीच शंका येते. ती आम्हांला एका क्रेनवाल्याने बोलून दाखविली: "साहेब, हा संच धड खारघरपर्यंत पोचत नाही, तो आकाशात कसा पोचणार?" हा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. या संचाच्या लहरी प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. त्यांची ताकद कमी पडते म्हणून त्या खारघरला अडत नाहीत. मध्ये इमारती येतात, पारसिकचा डोंगर येतो, आणि काहीच आले नाही तरी पृथ्वीची गोलाई येते. आकाशाकडे पाहिले तर वाट मोकळी आहे. सहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला उलवे दिसत असेल, तर उलव्यातल्या पाच वॉटच्या संचालाही उपग्रह दिसतो. उलट उत्तर देणारा उपग्रह काही मोठा पहिलवान नसतो. सौदी अरेबियात तयार झालेला आणि २० डिसेंबर २००२ रोजी बैकानूरहून सोडलेला एक उपग्रह हौशी मंडळींत एसओ-५० या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचा प्रक्षेपक पाव वॉटचा. लहान मुलाच्या हातातल्या विजेरीला याहून अधिक वीज लागत असेल. तरीही वीस वर्षे ओलांडून गेल्यावर तो आम्हांला गच्चीवर ऐकू आला.

अशा उपग्रहांची परंपरा जुनी आहे. रशियाचा पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशात गेला, आणि त्यानंतर पाच वर्षे पुरी होण्याच्या आत, १२ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतील हौशी बिनतारीवाल्यांनी घरच्या घरी बनविलेला 'ऑस्कर-१' कक्षेत पोचला. अग्निबाणावर मोठा उपग्रह चढविताना समतोल राखण्यासाठी जे मृत वजन ठेवावे लागते, त्याच्या जागी त्यांनी आपली साडेचार किलोंची पेटी बसवून घेतली. रिकाम्या परतणाऱ्या ट्रकात ओळखीने चार पोती चढवावीत तसाच हा प्रकार! ती पेटी मॉर्सच्या लिपीत फक्त 'हाय' एवढाच शब्द पुनःपुन्हा उच्चारीत असे, आणि त्याच्या वेगावरून तिच्या आतले तापमान कळे. बावीस दिवसांत पेटी गप्प झाली. पण २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी लोकांनी ती ऐकल्याची नोंद केली. सरकारे एकमेकांवर डोळे वटारीत असता सामान्य माणसे एकाच पेटीला कान लावून बसली होती, ही गोष्ट आम्हांला त्या काळाच्या इतिहासात फार मोलाची वाटते.

आपल्या देशानेही यात हात राखला नाही. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ बरोबर 'हॅमसॅट' हा साडेबेचाळीस किलोंचा उपग्रह खास हौशी मंडळींसाठी गेला. त्यात एक यंत्रणा भारतीय होती आणि दुसरी हॉलंडमधल्या एका विद्यार्थ्याने बनविलेली. नऊ वर्षे तो जगभर वापरला गेला आणि जुलै २०१४ मध्ये बॅटऱ्या निकामी होऊन थांबला. मात्र तो आमच्यासारख्यांच्या हाती कधी आला नाही. त्याच्यावर बोलावयास 'एकपार्श्व' पद्धतीचा संच लागे, आणि तो महाग. यार्डातल्या वॉकी-टॉकीची बोलण्याची पद्धत वेगळी, एफएमची. म्हणून हातसंचवाल्यांना एफएम जातीचा उपग्रहच शोधावा लागतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी याच क्षेत्रात केलेले काम मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलामुलींनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनविला. वजन एक किलोच्या आत, म्हणजे साखरेच्या पुडीएवढे. २२ जून २०१६ रोजी तो सोडण्यात आला. एका ठिकाणचा लेखी निरोप पोटात ठेवून घ्यावयाचा आणि पृथ्वीच्या दुसऱ्या भागावरून जाताना तो उतरवून द्यावयाचा, अशी त्याची योजना होती. सोप्या शब्दांत, आकाशातला टपालवाला. आपले तोंड नीट दिशेला ठेवण्यासाठी त्याला इंधन नव्हते की फिरती चाके नव्हती. त्यात लोहचुंबक बसविला होता, आणि होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून राही. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला. तो सुमारे दहा किलोंचा. त्याच्याकडून येणाऱ्या लहरी मोजून वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत्कण किती आहेत याचा हिशेब करावयाचा होता. दोन्ही उपग्रह बोलत होते ते हौशी बिनतारीच्याच पट्ट्यात, म्हणजे आमच्या हातसंचाच्या शेजारपाजारी.

आता प्रत्यक्ष कृती. एफएम उपग्रह हा आकाशात टांगलेला पुनःक्षेपक होय. तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर तेच बोलतो. एसओ-५० चे उदाहरण घेऊ. त्याचा कान १४५.८५० मेगाहर्ट्झवर आणि तोंड ४३६.७९५ वर. आपल्या आवाजाबरोबर ६७ हर्ट्झचा एक बारीक सूर संचाने मिसळावा लागतो. तो नसेल तर उपग्रह आपल्याला दारातच उभे ठेवतो. शिवाय वीज वाचावी म्हणून हा उपग्रह झोपी जातो. त्याला जागे करण्यासाठी ७४.४ हर्ट्झचा दुसरा सूर क्षणभर द्यावयाचा, की तो पुढची दहा मिनिटे जागा राहतो. हे सूर संचात एकदा भरून ठेवले की पुन्हा पाहावे लागत नाही.

खरी अडचण त्याच्या वेगाची. तो सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. खारकोपरहून उरणपर्यंतचे लोकलचे अंतर त्याला दोन सेकंदांचे. रेल्वेच्या फाटकाशी उभे असता गाडी जवळ येताना शिटी चढ्या सुरात आणि दूर जाताना उतरत्या सुरात ऐकू येते, हे सर्वांनी अनुभवले आहे. तोच नियम येथे लागतो. उपग्रह क्षितिजावर उगवताना त्याची कंप्रता सुमारे दहा किलोहर्ट्झने चढलेली असते, डोक्याजवळ आल्यावर मूळ जागी येते आणि मावळताना तेवढीच खाली जाते. म्हणून आम्ही संचात ४३६.८०५ पासून ४३६.७८५ पर्यंत पाच घरे भरून ठेवतो आणि उपग्रह सरकेल तसे एकेक घर खाली उतरतो. बोलण्याच्या बाजूला हा फरक तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो, तेथे घर बदलावे लागत नाही.

संचाबरोबर आलेली रबरी अँटेना कामाची नाही. सरळ डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला ती कधीमधी ऐकू येईल, एवढेच. दिशा धरणारी अँटेना हवी. ती 'यागी' या जपानी प्राध्यापकांच्या नावाने ओळखली जाते. मूळ शोधाचे पुष्कळसे श्रम त्यांचे सहकारी उदा यांचे, पण नाव मोठ्या खुर्चीवरच्याचे राहिले! असो. आमची अँटेना आम्ही घरी बनविली. प्लंबरकडचा उरलेला प्लास्टिकचा पाइप आणि त्यावर ठरल्या मापाने कापलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या. ती एका हाताने उपग्रहाकडे रोखावयाची आणि मनगट हळूहळू पिळीत राहावयाचे, कारण उपग्रह आकाशात कलंडत जातो आणि लहरींची पातळी फिरत राहते. मनगट योग्य कोनात आले की खरखरीतून माणसाचा आवाज अचानक स्वच्छ निघतो. तो क्षण आम्हांला अजूनही नवलाचा वाटतो.

एकदा असेच मनगट पिळीत उभे असता आमच्या इमारतीचा वॉचमन वर आला. गच्चीवर तिन्हीसांजेला आकाशाकडे काठी रोखून उभा असलेला इसम पाहून त्याने आपले कर्तव्यच केले. तेव्हापासून परवान्याची प्रत खिशात आणि सोसायटीला लेखी कळविलेले पत्र घरात, असा आमचा शिरस्ता आहे.

हा वॉचमन आमच्यापेक्षा शहाणा म्हटला पाहिजे, कारण उलव्यात ही गोष्ट हलकी नाही. बाजारात मिळणारे पुष्कळसे स्वस्त संच हौशी पट्टा सोडून कोठेही बोलू शकतात, आणि बोट चुकले तर कोणाच्या कामात जाऊन पडतील याचा नेम नाही. आमच्या एका अंगाला विमानतळ आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि दहा गावे उठली, ती कथा वेगळी आणि मोठी आहे. विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. दुसऱ्या अंगाला बंदर, आणि जहाजे बोलतात १५६ च्या पुढे. या दोहोंच्या मध्ये उभे राहून बिनपरवाना खटका दाबणे म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात विडी पेटविण्यासारखे आहे. हौशी माणसाला उपग्रहासाठी आपल्याकडे दोन पट्टे मोकळे आहेत, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. तेथेच राहावे.

परवाना मिळणे अवघड नाही. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते. थोडे विजेचे शास्त्र, थोडे नियम, आणि वरच्या श्रेणीला मॉर्सची कसोटी. वयाची बारा वर्षे पुरी झालेले मूल बसू शकते. आम्ही पंचेचाळिशी उलटल्यावर बसलो आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीने आमच्या आधी पेपर दिला. कोणत्या श्रेणीला काय करता येते ते नियमांत वाचून घ्यावे, ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. या लहरींवर धंदा चालत नाही, मोबदला चालत नाही, सांकेतिक भाषा चालत नाही. आम्हांला काही मित्र विचारतात की, संपाच्या वेळी याचा उपयोग कराल काय? मुळीच नाही. यार्डाचे काम मालकाच्या संचावर, संघटनेचे काम फाटकावरच्या सभेत, आणि येथे फक्त ओळख, शास्त्र आणि संकटातली मदत. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी मंडळींनी आपल्या संचांवरून निरोप पोचविले. हा अधिकार टिकतो तो एरवी स्वच्छ वागल्यामुळे.

कोणता उपग्रह चालू आहे हे त्या त्या दिवशी पाहून घ्यावे लागते. हे जीव अल्पायुषी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही सप्टेंबर २०२० पासून असा पुनःक्षेपक सुरू करण्यात आला. त्याच स्थानकावरून जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला हौशी बिनतारीवरून भारतातील विद्यार्थ्यांशी बोलले. इंडोनेशियाचा एक उपग्रह, लापान-ए२, आपल्याच श्रीहरिकोट्याहून २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेला. तो विषुववृत्ताला धरून फिरतो, म्हणून उलव्याहून दक्षिण क्षितिजावर सोळा-सतरा अंशांच्या वर कधीच चढत नाही. दक्षिणेला उंच इमारत उभी राहिली की तो आपल्यापुरता मावळला. आमच्या गच्चीच्या दक्षिणेला सध्या एका इमारतीचा पाया खणला जात आहे.

उपग्रहावर दोन माणसे बोलतात तरी काय? फार थोडे. आपले संकेतनाम आणि आपला चौकोन. साऱ्या पृथ्वीचे अक्षांश-रेखांशांवरून चौकोन पाडले आहेत, आणि आपल्या उलव्याचा चौकोन 'एम के सहा आठ'. गंमत अशी की, एकोणिसावा अक्षांश येथल्या खाडीच्या पट्ट्यातून जातो, त्यामुळे समोरच दिसणारे बेलापूर 'एम के सहा नऊ' मध्ये पडते. नाव आणि चौकोन दिला-घेतला की झाले. प्रकृती-पाणी विचारण्यास वेळ नसतो. उपग्रह क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दहा-पंधरा मिनिटे असतो, आणि त्याच्या नजरेखाली एका वेळी साडेपाच हजार किलोमीटर रुंदीचा प्रदेश, म्हणजे इराणपासून थायलंडपर्यंतची माणसे असतात. सगळ्यांना मिळून वाट एकच. एफएमचा गुण असा आहे की, दोन आवाज एकाच वेळी आले तर जोरकस आवाज दुर्बलाला पूर्ण गिळून टाकतो. दोघांचे थोडेथोडे ऐकू येत नाही. दुर्बल माणूस नाहीसाच होतो.

हे आम्हांला पुस्तकात वाचून ठाऊक होते, पण कळले नव्हते. आरंभी आमच्याजवळ एकच संच होता. त्यावर बोलत असता ऐकता येत नसे. एका संध्याकाळी उपग्रह चांगला उंच चढला, पण आमच्या कानात नुसती खरखर. आम्हांला वाटले, आवाज पोचत नसावा. म्हणून आम्ही खटका दाबून पुन्हा पुकारले, पुन्हा पुकारले. अशी चार-पाच मिनिटे गेली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका तरुण हौशी मित्राचा फोन आला. तो म्हणाला, "काका, रागावू नका, पण हे ऐका." त्याने त्या फेरीचे ध्वनिमुद्रण केले होते. त्यात आमचा आवाज सभेतल्या कर्ण्यासारखा खणखणीत होता. आमच्या दोन पुकारांच्या फटीत एका मुलाचा बारीक आवाज येई, दोन अक्षरे उमटत आणि त्यावर आम्ही येऊन पडत असू. असे चार वेळा झाले. पाचव्यांदा तो आलाच नाही. मित्र म्हणाला, "केरळातला मुलगा आहे, सातवीतला. परवाना नुकताच आला. काल त्याची पहिली फेरी होती."

माइक एकदा हाती आला की न सोडणाऱ्या पुढाऱ्यांवर आम्ही जन्मभर टीका केली आहे. शेवटच्या रांगेतल्या हंगामी कामगाराला दोन मिनिटे बोलू द्या, म्हणून व्यासपीठावर भांडलो आहोत. तेच आम्ही येथे, अडवायला कोणी नाही म्हटल्यावर, नेमके काय केले ते आमच्याच आवाजात ऐकावे लागले. त्या रात्री जेवण गेले नाही, असे लिहिले तर अतिशयोक्ती होईल. पण घरच्यांनी दोनदा विचारले.

त्यानंतर दुसरा संच घेतला. एक बोलावयास, एक ऐकावयास, कानात इयरफोन. हे ज्याला शक्य असेल त्याने करावेच. आपला आवाज उपग्रहावरून परत आलेला ऐकू आला तरच पुढे बोलावयाचे, नाहीतर खटक्याला हात लावावयाचा नाही. येथेही एक खोच निघाली. १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५० होते, म्हणजे ऐकण्याच्या कंप्रतेला अगदी लागून. त्यामुळे आपलाच बोलणारा संच आपल्याच ऐकणाऱ्या संचाला बहिरे करतो. दोन संच हातभर दूर धरले आणि बोलण्याची शक्ती कमी केली, तेव्हा ते सुधारले. कमी शक्तीवरही उपग्रहाने आम्हांला पूर्वीइतकेच स्वच्छ उचलले. आधीची सारी आरडाओरड व्यर्थ होती.

पुढचे दोन आठवडे आम्ही फक्त ऐकले. फेरीची वेळ काढावयाची, गच्चीवर जावयाचे, मनगट पिळावयाचे आणि वहीत लिहावयाचे. कोण कोठून बोलतो, कोणाचा आवाज कोणाखाली जातो, पाळी कशी फिरते, हे सारे त्या वहीत आले. एका रविवारी सकाळी तो बारीक आवाज पुन्हा आला. त्याने संकेतनाम सांगितले आणि कोणी मध्ये पडले नाही. दोन सेकंद वाट पाहून आम्ही त्याचे संकेतनाम उच्चारले, मागून आपले, आणि म्हटले, "एम के सहा आठ." तिकडून घाईघाईने उत्तर आले, "एम के सात एक." नऊशे किलोमीटर अंतर, आणि सारे बोलणे दहा-बारा सेकंदांचे. उपग्रह मावळावयास अजून सहा मिनिटे होती. ती आम्ही खटक्यावरून बोट काढून ऐकली. तेवढ्यात तो मुलगा आणखी तिघांशी बोलला, आणि त्यांतला शेवटचा ढाक्याचा होता.